गोजिरा, काँग आणि मंडळी : जुने महाकाय मॉन्स्टरपट कसे बघायचे

जपानी माणसं गॉडझिलाला 'गोजिरा' म्हणतात. 'गोरिरा' म्हणजे गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा, या दोघांची मोडतोड करून ते नाव जुळवलंय. मराठी कानाला मात्र ते भलतंच ऐकू येतं. पोस्टर बघून आमच्या आईनं विचारलं होतं, ह्यात गोजिरं काय आहे रे? प्रश्न रास्त होता. पुढे तिनं तो सिनेमा शेवटपर्यंत बघितला, मध्ये एकदाही न उठता. तोवर मला एवढं कळलं होतं की या सिनेमांची आधी नीट मांडामांड करावी लागते. आधी मखर, मग मूर्ती.

बहुतेकांचं फसतं ते इथेच. कुणीतरी कौतुक केलेलं असतं, रात्री साडेअकराला मोबाईलवर जे पहिलं सापडेल ते लावलं जातं आणि दहा मिनिटांत निकाल लागतो: अरे, हा तर रबराचा! रबराचा आहेच. शाडूचा गणपती मातीचा असतो तसा. पण चुकीची आवृत्ती, बिघडलेलं चित्र आणि उलटसुलट क्रम असं तिन्ही एकत्र आलं तर रबराखेरीज काही दिसणारही नाही. म्हणून हा क्रम, माझ्या अनुभवातून आलेला. चार संध्याकाळी मोकळ्या ठेवा.

पहिली पायरी : टीव्हीची खोड मोडा

हल्लीच्या बऱ्याच टीव्हींमध्ये हालचाल गुळगुळीत करायची एक सोय असते आणि बहुतेक वेळा ती आधीपासूनच चालू असते. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. टीव्ही दर दोन चित्रांच्या मध्ये आपल्या मनाची आणखी चित्रं घुसवतो. क्रिकेटला ते ठीक आहे. पण १९३३ च्या *किंग काँग*मधला महाकाय वानर काँग हा एकेक चित्र घेत, बोटांनी हलवत चालवलेला बाहुला आहे. त्याच्या हालचालीत जी बारीक थरथर आहे तीच त्याची नाडी. टीव्ही ती पुसून टाकतो आणि पडद्यावर उरतं खरवसासारखं काहीतरी लिबलिबीत. सेटिंगमध्ये जाऊन ही सोय पूर्ण बंद करा. प्रत्येक कंपनीनं तिला वेगळं नाव दिलंय, पण नावात 'मोशन' हा शब्द बहुधा सापडतो. 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' मोड असेल तर अर्धं काम आपोआप होतं.

दुसरं म्हणजे पडद्याचा आकार. साधारण १९५३ पर्यंतचे सिनेमे आणि १९५४ चा गोजिरा हे जवळपास चौकोनी चित्राचे आहेत. डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे दिसलेच पाहिजेत. ते खुपतात म्हणून चित्र ताणून पडदाभर करणारे लोक आहेत. एका नातेवाइकांकडे मी असा ताणलेला गोजिरा बघितलाय. सगळे जपानी शास्त्रज्ञ गोलमटोल आणि गोजिरा तर श्रीखंड खाऊन सुस्तावल्यासारखा. उंच दिसणं हेच ज्याचं भांडवल, त्याला आडवा करून काय बघायचं?

शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा, म्हणजे फिल्मचे दाणे टोचणार नाहीत. दिवे मालवा. आणि आवाज टीव्हीच्या पाठीमागच्या चिमुकल्या स्पीकरवर सोडू नका. या सिनेमांत राक्षस आधी ऐकू येतो, मग दिसतो.

दुसरी पायरी : कुठली आवृत्ती, ते तपासा

ही पायरी चुकली तर बाकी सगळं वाया, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गोजिरा मूळ जपानीत ३ नोव्हेंबर १९५४ ला प्रदर्शित झाला. लांबी ९६ मिनिटं. १९५६ मध्ये अमेरिकेत त्याची कापाकापी करून ८० मिनिटांची आवृत्ती निघाली. तिच्यात रेमंड बर हा अमेरिकी नट वार्ताहर म्हणून नव्यानं घुसवला आणि त्याची दृश्यं वेगळी चित्रित करून मूळ सिनेमात शिवली. शिवण बरीच सफाईदार आहे, पण कापड कुठलं गेलं ते महत्त्वाचं. मूळ सिनेमात लोकल गाडीत एक तरुणी सहप्रवाशांशी बोलताना सहज म्हणते, की नागासाकीतून कशीबशी जीव वाचवून आले आणि आता हे. अमेरिकी आवृत्तीत हे बोलणं नाही. अमेरिकेतल्या थिएटरांत मूळ जपानी सिनेमा रीतसर लागला तो थेट २००४ साली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं तिकडचे प्रेक्षक गाळीव गोजिराच बघत होते.

ओळखायची खूण सोपी आहे. सुरुवातीलाच ढिगाऱ्याखाली एक गोरा माणूस पडलेला दिसला आणि त्याच्या आवाजात निवेदन सुरू झालं, तर थांबवा. मूळ सिनेमा समुद्रावरच्या जहाजानं सुरू होतो. डबिंग घेऊ नका. जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल हीच जोडी ठेवा. १९५६ ची आवृत्ती नंतर कधीतरी, मूळ बघून झाल्यावर जरूर बघा. कात्रीनं अर्थ कसा बदलतो त्याचा तो उत्तम वस्तुपाठ आहे.

काँगचंही असंच. १९३८ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित करताना सेन्सॉरच्या नियमांपायी काही दृश्यं कापली गेली आणि तीसेक वर्षं ती गायबच होती. खूण: काँग तळहातावरच्या नायिकेचे कपडे एकेक करून सोलतो आणि मग बोटं हुंगतो. हे दृश्य असेल तर प्रिंट पूर्ण समजा, सुमारे १०० मिनिटांची. कृष्णधवल सिनेमांच्या रंगवलेल्या आवृत्त्याही फिरतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

तिसरी पायरी : चार संध्याकाळी, याच क्रमानं

पहिली संध्याकाळ *किंग काँग* (१९३३). पहिला पाऊण तास वानर दिसत नाही. पुढे ढकलू नका. मंदीतलं न्यूयॉर्क, फळाच्या गाडीवरून सफरचंद उचलू पाहणारी उपाशी मुलगी, तिला हेरणारा सिनेमावाला. भूक ही या गोष्टीची पहिली चाल आहे, आणि ती कळली तर काँग शेवटी चढतो तो मनोरा वेगळा दिसतो. बेटावरच्या आदिवासींचं चित्रण मात्र आज बघवत नाही. ते त्या काळच्या हॉलिवुडचं दुखणं आहे आणि सोबत कुणी तरुण मंडळी असतील तर आधीच सांगून ठेवलेलं बरं.

काँगचा बाहुला होता साधारण १८ इंचांचा. मार्सेल डेल्गाडोनं आत धातूचा सांगाडा घालून, वर स्पंज आणि रबर चढवून, सशाच्या कातडीनं तो मढवला. विलिस ओब्रायनचा चमू तो कणाकणानं हलवायचा आणि एकेक चित्र घ्यायचा. हिशेब करा: सेकंदाला २४, मिनिटाला १,४४०. बाहुल्याला हात लावला की केस दबणार, पुढच्या चित्रात ते वेगळे दिसणार. म्हणून काँगच्या अंगावरची लव सतत सळसळत असते, वारा नसतानाही. अनेकांना ती चूक वाटते. मला ती सिनेमातली सर्वांत जिवंत गोष्ट वाटते, कारण ते थेट चालवणाऱ्याच्या बोटांचे ठसे आहेत.

टायरॅनोसॉरसशी झुंज संपल्यावर लगेच नजर हटवू नका. काँग मेलेल्या प्राण्याचा जबडा हातानं उघडून बघतो, सोडतो, पुन्हा हलवतो. खेळणं मोडल्यावर लहान मूल करतं तसं. कथेला याची काडीची गरज नव्हती. दोन वितींच्या बाहुल्याकडून असली निरुद्योगी हालचाल करून घ्यायला किती वेळ गेला असेल, याचा विचार आला की मी मनातल्या मनात ओब्रायनला दंडवत घालतो.

दुसरी संध्याकाळ *द बीस्ट फ्रॉम २०,००० फॅदम्स* (१९५३). फक्त ८० मिनिटं. १९५२ मध्ये काँग पुन्हा थिएटरात लागला आणि जोरात चालला; त्या यशाच्या वाऱ्यावर हा निघाला. तेराव्या वर्षी काँग बघून झपाटलेला रे हॅरीहाउसेन आता स्वतः बाहुले चालवत होता. आर्क्टिकमध्ये अणुचाचणी होते, बर्फातला प्राचीन सरडा जागा होतो आणि न्यूयॉर्ककडे निघतो. दीपगृहाचं दृश्य रे ब्रॅडबरीच्या कथेवरून आलंय आणि सिनेमाचा आत्मा तेवढ्यातच आहे. बाकी बरंच बोलणं आहे, ते सोसा. रस्त्यावर पिस्तूल झाडत पुढे जाणाऱ्या पोलिसाचं काय होतं ते बघा, आणि शेवटी कोनी आयलंडच्या रोलर कोस्टरवर चढणारा नेमबाज ओळखा: पुढे वेस्टर्नपटांत खलनायक म्हणून गाजलेला ली व्हॅन क्लीफ.

तिसरी संध्याकाळ *गोजिरा* (१९५४). या दिवशी जेवण लवकर उरकून घ्या, मध्ये उठायचं नाही.

१ मार्च १९५४ ला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. 'दाइगो फुकुर्यू मारू' ही ट्यूना पकडणारी जपानी बोट, २३ माणसांची, धोक्याच्या जाहीर केलेल्या क्षेत्राबाहेर होती, तरी तिच्यावर किरणोत्सारी राख पडली. रेडिओ सांभाळणारा आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला दगावला. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत गोजिरा पडद्यावर आला, आणि सुरुवातीलाच एका जहाजापुढे समुद्र लख्खकन उजळतो. थिएटरातल्या कुणालाही ते दृश्य समजावून सांगायची गरज नव्हती. आज आपल्याला आहे, म्हणून हा परिच्छेद वाचूनच सिनेमा लावा.

दिग्दर्शक इशिरो होंडा, चमत्कारदृश्यं एइजी त्सुबुराया यांची. त्सुबुराया काँगचे भक्त, पण बाहुला एकेक चित्रानं चालवायला ना वेळ होता ना पैसा. मग रबराचा पोशाख आला, सुमारे १०० किलोचा, आणि त्यात शिरला हारुओ नाकाजिमा. प्राणी कसे चालतात ते बघायला तो उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जायचा. पहिला पोशाख इतका ताठ झाला की त्यात धड चालताच येईना. तो मधोमध कापून खालचा भाग नुसत्या पायांच्या शॉटसाठी वापरला. गोजिराची डरकाळी कुठल्याच प्राण्याची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेनुसार डबल बास या वाद्याच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून ती काढली.

टोकियो जळतानाचा भाग सगळ्यांना लक्षात राहतो. मला त्याच्या पुढचा राहतो. सकाळी इस्पितळात जखमींची रांग, आणि एका लहान मुलाजवळ धरलेलं किरणोत्सार मोजायचं यंत्र कटकटायला लागतं. यंत्र धरणारा माणूस काही बोलत नाही. इथे गोजिरा दिसत नाही आणि हाच सिनेमातला सर्वांत भीतिदायक क्षण आहे. आमची आई इथे पदर तोंडाला लावून बसली होती. डॉ. यामानेच्या भूमिकेतल्या ताकाशी शिमुरांचा चेहराही बघत राहा. त्याच वर्षी कुरोसावांच्या *सेव्हन सामुराई*त म्होरक्या सामुराई झालेले तेच हे.

चौथी संध्याकाळ *देम!* (१९५४). न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात मोडकी बाहुली उराशी धरून एक मुकी झालेली मुलगी चालत येते, आणि नाकाशी फॉर्मिक आम्लाचा वास धरल्यावर जी किंचाळते ते म्हणजे सिनेमाचं नाव. मुंग्या आहेत, अणुचाचणीनं वाढलेल्या. पूर्वार्ध अस्सल पोलिसी तपासासारखा चालतो, शेवट लॉस एंजेलिसच्या पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या बोगद्यांत. मुंग्या पडद्यावर दिसतात तेवढ्याच मोठ्या बनवल्या होत्या, त्यामुळे त्या जरा अवघडून हलतात. खपवून घ्या, पटकथा फार चोख आहे.

चौथी पायरी : घराणं ओळखा आणि एक मिनिट पुन्हा बघा

गाण्यासारखी इथेही घराणी आहेत आणि एका घराण्याच्या कानानं दुसरं ऐकलं की वाद होतात. बाहुल्याच्या घराण्यात, म्हणजे ओब्रायन आणि हॅरीहाउसेनकडे, बघायचं ते चेहरा, बोटं, शेपटीचं टोक. पोशाखाच्या घराण्यात, त्सुबुरायांकडे, बघायचं ते वजन. चेहऱ्यावर भाव शोधायला गेलात तर रबरच हाती लागेल. तिसरं गरिबांचं घराणं: खरा कोळी किंवा सरडा जवळून चित्रित करायचा आणि माणसांच्या दृश्यावर चढवायचा. *टॅरंट्युला* (१९५५) हा त्यातला सर्वांत नेटका, आणि त्यात शेवटी विमानातून बॉम्ब टाकणाऱ्या पायलटच्या मुखवट्यामागे तरुण क्लिंट ईस्टवूड आहे.

वजन कुठून येतं, ते एका हिशेबानं कळेल. गोजिरा ५० मीटर उंचीचा आणि शहराची प्रतिकृती खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्श्याची, म्हणजे पोशाखातला माणूस २ मीटरचा. खरी इमारत ५० मीटरवरून ढासळली तर माथ्यावरची वीट जमिनीवर यायला ३ सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. २ मीटरच्या प्रतिकृतीवरून ती सुमारे ०.६ सेकंदात येते. म्हणजे पाचपट घाई. पाच हा पंचविसाचं वर्गमूळ, म्हणून कॅमेरा पाचपट वेगानं चालवून नेहमीच्या वेगानं दाखवला की इमारत बरोबर पडते. इतका वेग दर वेळी जमायचा नाही, पण तत्त्व हेच. जिथे राक्षस हलका वाटतो तिथे बहुतेक वेळा पोशाख निर्दोष असतो, गणित चुकलेलं असतं.

पाण्याला मात्र हे गणित पुरत नाही. प्रतिकृती लहान केली तरी थेंब लहान होत नाही. बोटी बुडण्याच्या दृश्यांत अंगठ्याएवढे थेंब उडताना दिसले की टबातलं पाणी ओळखू येतं. एकदा हे कळलं की दर सिनेमात ते दिसतं. त्याबद्दल आधीच माफी मागतो.

आता कृती. चारपैकी जो सिनेमा आवडला त्यातलं राक्षसाचं कुठलंही एक मिनिट निवडा आणि तीनदा बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून फक्त पाय बघा. दुसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐका. तिसऱ्यांदा राक्षसाकडे दुर्लक्ष करून माणसं बघा: ती कुठे बघताहेत, त्यांची नजर राक्षसाच्या डोळ्यांशी जुळते का? चांगल्या सिनेमात जुळते. फसलेल्या सिनेमात प्रत्येक जण आकाशात वेगवेगळ्या दिशेला बघत पळत असतो.

पाचवी पायरी : पुढे कुणीकडे

रंगीत जपान हवं असेल तर *रोदान* (१९५६), गोजिरा काढणाऱ्या तोहो कंपनीचा पहिला रंगीत राक्षसपट. कोळशाच्या खाणीतल्या खुनाच्या गोष्टीसारखा सुरू होतो आणि हळूहळू आभाळाएवढा होतो. मग *मोथ्रा* (१९६१): पतंग किड्याच्या रूपातली देवी, आणि तिला हाक मारणाऱ्या वीतभर जुळ्या बहिणी, 'द पीनट्स' या गायिका जोडीनं केलेल्या. ते गाणं जपानी नाही, इंडोनेशियन शब्दांतलं आहे. मग *किंग काँग विरुद्ध गॉडझिला* (१९६२). इथेही जपानी आवृत्तीच घ्या, कारण मुळात ती टीव्हीवरच्या जाहिरातबाजीची टिंगल आहे आणि अमेरिकी आवृत्तीत ती धार गेलीय. जपानमध्ये गोजिरा जिंकतो आणि अमेरिकेत काँग, अशी एक अफवा वर्षानुवर्षं फिरतेय. खोटी आहे.

बाहुल्यांकडे ओढा असेल तर हॅरीहाउसेनचे *इट केम फ्रॉम बिनीथ द सी* (१९५५) आणि *२० मिलियन माइल्स टू अर्थ* (१९५७). पहिल्यातल्या महाकाय ऑक्टोपसचे हात मोजा. सहाच आहेत, आठ चालवण्याएवढं बजेट नव्हतं. दुसऱ्यातला शुक्रावरचा प्राणी रोमच्या कलोसियमवर मरतो आणि मला दर वेळी वाईट वाटतं. ब्रिटिशांचा *गॉर्गो* (१९६१) पिल्लाला सोडवायला लंडनवर चालून येणाऱ्या आईचा आहे.

लहान मुलांना घेऊन बसणार असाल तर १९५४ चा गोजिरा नको. माझ्या आठ वर्षांच्या भाच्याला मी काँग दाखवला आणि शेवटी काँगला मारणाऱ्या विमानांवर तो इतका चिडला की आठवडाभर माझ्याशी कट्टी होती. *मोथ्रा*पासून सुरुवात करा. *गमेरा* (१९६५) हे उडणारं कासवही मुलांना आवडतं. मोठ्यांना तेवढं नाही. *द जायंट क्लॉ* (१९५७) एकट्यानं बघू नका. त्यातला पक्षी पिसं उपटलेल्या गिधाडासारखा आहे आणि हसायला माणसं लागतात.

आपल्याकडचं काही शोधायचं असेल तर सावध राहा. १९६२ चा हिंदी *किंग काँग* नावाला भुलून लावाल तर दारासिंगची कुस्ती मिळेल. त्याचे दिग्दर्शक बाबूभाई मिस्त्री मात्र आपल्या विषयातलेच: १९३७ च्या *ख्वाब की दुनिया*मध्ये काळ्या दोऱ्यानं वस्तू हवेत नाचवल्या, तेव्हापासून 'काला धागा' हे टोपणनाव त्यांना चिकटलं. आणि १९६६ मध्ये *गोगोला* आला होता, समुद्रातून मुंबईवर चालून येणाऱ्या राक्षसाचा. तो सिनेमा आता बघायला मिळत नाही. तलत महमूद आणि मुबारक बेगमचं 'ज़रा कह दो फ़िज़ाओं से' मात्र टिकलंय. चार संध्याकाळी झाल्या की पाचव्या दिवशी ते लावा. राक्षस त्यात कुठेच नाही.